उल्लेखांची बेरीज आणि टाक्यांचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका गटाने ‘सायन्स रोबोटिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पित्ताशय काढताना सगळ्यात जोखमीचा टप्पा असतो तो पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी नेमकी ओळखण्याचा, त्यांना क्लिपा लावण्याचा आणि मग कापण्याचा. इथे गफलत होऊन यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रुग्णाचे पुढचे आयुष्यच बदलून जाते. सतरा पायऱ्यांचा हा टप्पा यंत्राने डुकराच्या आठ पित्ताशयांवर आठही वेळा पूर्ण केला. माणसाचा हात लागला नाही. यंत्र हे शिकले होते सर्जनांनी केलेल्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती आणि प्रत्येक पायरीला जोडलेली साधी वाक्ये यांवरून. बातम्या झाल्या, आणि रोबोट आता स्वतःहून ऑपरेशन करू लागला असा सूर सगळीकडे लागला.

ही पित्ताशये शरीरातून काढलेल्या अवयवांवरची होती, ही गोष्ट त्या सुरात मागे पडली. त्यांच्यातून रक्त वाहत नव्हते. श्वासाबरोबर पोट वरखाली होत नव्हते. जुन्या दुखण्याने घट्ट चिकटलेल्या ऊती नव्हत्या. संशोधकांनी यातले काही लपवलेले नाही. पेपरच्या सारांशातच ते स्पष्ट लिहिले आहे. पण सारांशसुद्धा न वाचता केवळ मथळ्यावरून मत बनवणारे जग मोठे आहे, आणि त्या जगात विद्यापीठांच्या निवड समित्या, निधी देणाऱ्या संस्था आणि रुग्णालयांचे जाहिरात विभागही येतात.

या गटाचे नेतृत्व करणाऱ्यांपैकी एक म्हणजे ॲक्सेल क्रीगर. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. स्वायत्त शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात त्यांचे नाव आज आघाडीवर आहे. अशा माणसाच्या कामाचे वजन ठरवायचे झाले की आपण त्याचे इंटरनेटवरचे पान उघडतो, सायटेशन किती ते पाहतो, म्हणजे इतरांनी त्याच्या पेपरांचा उल्लेख किती वेळा केला ते. मग एच-इंडेक्स पाहतो (तो २० असेल, तर निदान वीस उल्लेख मिळालेले वीस पेपर आहेत असा त्याचा अर्थ) आणि पान बंद करतो. मला याच सवयीबद्दल बोलायचे आहे. सायटेशन हे संशोधकांचे आपापसांतले देणेघेणे आहे. एखाद्या कामाची इतर संशोधकांना किती गरज पडली, एवढे त्यातून कळते. ते काम रुग्णाच्या पोटात शिरायला तयार आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. आणि ज्या विद्येत यंत्र माणसाला कापणार आहे, तिथे पहिली मोजणी वेगळी हवी: यंत्राला थांबवून माणसाला किती वेळा हात घालावा लागला?

क्रीगर यांचेच काम घेऊ, कारण ते या मोजणीला उत्तम उतरते.

आतड्याचा खराब तुकडा काढून उरलेली दोन टोके एकमेकांना शिवणे हे सर्जनच्या रोजच्या कामातले काम. पण प्रत्येक टाका विशिष्ट अंतरावर, ऊतीचा ठरावीक भाग पकडून, बेताच्या ताणाने घ्यावा लागतो. टाका सैल राहिला तर आतड्यातला द्रव पोटात झिरपतो आणि रुग्ण दगावू शकतो. फार आवळला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. हाड यंत्राला सोपे, कारण ते चौकटीत धरले की हलत नाही. आतडे हात लावताच सरकते, दबते, आकार बदलते. वॉशिंग्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील संशोधन केंद्रात क्रीगर, बालशल्यचिकित्सक पीटर किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्टार’ नावाचे यंत्र उभे केले. मे २०१६ मध्ये ‘सायन्स ट्रान्स्लेशनल मेडिसिन’मध्ये त्याचा पहिला मोठा पेपर आला. जिवंत डुकराचे आतडे उघड्या शस्त्रक्रियेत बाहेर घेऊन, त्यावर अवरक्त प्रकाशात चमकणारे ठिपके लावून, त्रिमितीय कॅमेऱ्याच्या मदतीने यंत्राने ते शिवले. टाक्यांचा नेमकेपणा अनुभवी सर्जनांपेक्षा सरस ठरला.

त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही संशोधकांनी सांगितली. सुमारे ६० टक्के काम यंत्राने पूर्णपणे स्वतः केले आणि उरलेल्या ४० टक्क्यांत माणसाला थोडीफार दुरुस्ती करावी लागली. वेळही बराच जास्त लागला. सर्जन ज्या कामाला काही मिनिटे घेतो, त्याला यंत्राने अर्ध्या तासाच्या वर घेतले.

जानेवारी २०२२ च्या पेपरमध्ये तेच काम पोट न उघडता, दुर्बिणीतून झाले. आतली जागा अरुंद, आतडे श्वासाबरोबर हलणारे. यंत्र श्वासाची लय ओळखून, हालचाल थांबते त्या क्षणाला टाका घेत होते. यंत्राने आखलेल्या पर्यायी योजनांतून एक निवडण्याचे काम मात्र माणसाकडे होते. चार डुकरे शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर जगवली गेली आणि मग जोडणी तपासली गेली. तुलनेच्या निकषांत टाक्यांमधले अंतर, गळती होईपर्यंत सोसलेला दाब, लागलेला वेळ यांच्याबरोबर आणखी एक निकष होता: सुई लावताना जागा किती वेळा दुरुस्त करावी लागली.

मला या पेपरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. यंत्र कुठे अडखळले याची नोंद संशोधकाने स्वतःच्या हाताने करून वाचकापुढे ठेवली. आता हा किंवा २०१६ चा पेपर ज्यांनी उद्धृत केला त्यांचे पेपर काढून पाहा. बहुतेक ठिकाणी तो प्रस्तावनेच्या पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात येतो, ‘अलीकडे स्वायत्त शस्त्रक्रियेत मोठी प्रगती झाली आहे’ अशा वाक्याला टेकू म्हणून. त्या वाक्यात ना ४० टक्के असतात, ना चार डुकरे, ना एक आठवडा. सायटेशनची बेरीज वाढते आणि मूळ प्रयोगाच्या मर्यादा प्रत्येक उल्लेखागणिक पुसट होत जातात. दहाव्या हातापर्यंत पोहोचताना उरते ते फक्त ‘यंत्राने सर्जनला मागे टाकले’.

शिवाय सायटेशन कशाला मिळतात, हेही पाहिले पाहिजे. २०१७ मध्ये याच ‘सायन्स रोबोटिक्स’मध्ये वैद्यकीय रोबोटांच्या स्वायत्ततेच्या शून्य ते पाच अशा पातळ्या सांगणारा एक छोटा लेख आला. त्यात प्रयोग नव्हता. विचार चांगला होता आणि कामाचा होता, म्हणून या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण आज त्याचा उल्लेख करतो. जनावर पाळून, भूलतज्ज्ञ गोळा करून, वर्षानुवर्षे खपून केलेल्या एखाद्या प्रयोगाला तितके उल्लेख मिळतीलच असे नाही. हॉपकिन्समधूनच २०१४ मध्ये ‘जिगसॉज’ नावाचा माहितीसंच बाहेर आला. आठ सर्जन, टाके घालणे, गाठ मारणे आणि सुई ओवून नेणे हे तीन सराव, तेही टेबलावरच्या नमुन्यावर. तो सर्वांना खुला होता, म्हणून सर्जनचे कौशल्य यंत्राने ओळखण्यावरचे असंख्य पेपर त्यावरच उभे राहिले. माहिती खुली करणे हे थोर काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका क्षेत्राने इतकी वर्षे आठ जणांच्या टेबलावरच्या सरावाभोवती घुटमळावे, हा सायटेशनचाच एक परिणाम आहे. जिथे माहिती सहज मिळते तिथे पेपर होतात, जिथे पेपर होतात तिथे उल्लेख होतात, आणि खरे पोट, खरा रक्तस्राव, खरी गुंतागुंत यांकडे जाणारी वाट ओस राहते.

याच्या उलट टोकाला आहेत ते कारागीर. इंट्युइटिव्ह कंपनीची जुनी झालेली ‘दा विंची’ ही शस्त्रक्रियेची यंत्रे घेऊन त्यांना खुले नियंत्रक आणि खुली प्रणाली जोडण्याचे काम हॉपकिन्स आणि वूस्टर पॉलिटेक्निक इथल्या लोकांनी केले. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा आज त्यावर चालतात. ही प्रणाली वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवणारा, रात्री दूरदेशच्या विद्यार्थ्याच्या अडचणीला उत्तर देणारा अभियंता या क्षेत्राचा पाया सांभाळतो. त्या कामाचा एक पेपर होतो. बाकीची वर्षे मोजणीत येतच नाहीत.

आता थोडे मागे जाऊ, कारण यंत्राने स्वतःहून माणसाला कापण्याची गोष्ट नवी नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे ‘रोबोडॉक’ नावाच्या यंत्राने रुग्णाच्या मांडीच्या हाडात कृत्रिम खुबा बसवण्यासाठी पोकळी कोरली. त्यामागे आयबीएममधले रसेल टेलर, हाडांचे सर्जन विल्यम बार्गर आणि पशुवैद्य हॉवर्ड पॉल होते. माणसाआधी ते कुत्र्यांवर वापरून पाहिले गेले होते. सर्जन स्कॅनवर आखणी करी, हाड चौकटीत घट्ट धरले जाई, आणि कोरण्याचे काम यंत्र स्वतः करी. पोकळी हाताने कोरलेल्या पोकळीपेक्षा कितीतरी नेमकी होई. पेपर झाले, उल्लेख झाले, टेलर पुढे हॉपकिन्सला गेले आणि या विद्येचे एक आद्य पुरुष मानले गेले. तो मान त्यांना शोभणाराच आहे.

पण जर्मनीत काय झाले ते वाचण्यासारखे आहे. तिथे १९९४ पासून रोबोडॉकचा वापर झपाट्याने पसरला आणि हजारो शस्त्रक्रिया झाल्या. हाडातली पोकळी मापात होती, तरी रुग्ण लंगडत होते. यंत्राला जागा करून देण्यासाठी बाजूला ओढलेल्या स्नायूंना इजा झाल्याच्या तक्रारी वाढल्या. २००३ मध्ये तिथल्याच एका गटाने ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’मध्ये यादृच्छिक चाचणीचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटून केलेल्या चाचणीचे, निकाल प्रसिद्ध केले. यंत्राच्या वाट्याला आलेल्या ७४ रुग्णांपैकी १३ जणांत यंत्राचे काम मध्येच सोडून सर्जनला हाताने पूर्ण करावे लागले. पायांची लांबी सारखी राखण्यात यंत्र चांगले ठरले, पण खुबा निखळण्याचे प्रमाण यंत्राच्या गटात जास्त होते. पुढे खटले झाले, रुग्णालयांनी यंत्रे बाजूला ठेवली. २००६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने रोबोडॉकच्याच एका प्रकरणात म्हटले की पद्धत नवी असेल तर अजून माहीत नसलेले धोकेही असू शकतात, हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे.

७४ पैकी १३. एवढा एक आकडा रुग्णाच्या दृष्टीने त्या दशकातल्या सगळ्या सायटेशनपेक्षा वजनदार होता. पोकळीचा नेमकेपणा मोजला गेला, कारण तो मोजणे अभियंत्याला जमत होते आणि पेपरमध्ये छान दिसत होते. स्नायूचे दुखणे मोजायला रुग्णाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवावे लागते, चालायला लावावे लागते.

असेच एक उदाहरण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आहे. इथे यंत्र स्वायत्त नव्हते, तरी धडा तोच. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात गर्भाशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने करण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होत गेली. जखम छोटी, रक्त कमी, घरी लवकर. याला दुजोरा देणारे पेपर एकमेकांना उद्धृत करत वाढत होते. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठी यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होते, तर छोट्या छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांच्या कर्करोगांत रोबोटच्या वापराबद्दल सावधगिरीची सूचना काढली. भारतात स्त्रियांच्या कर्करोगांत हा कर्करोग आजही वरच्या क्रमांकावर आहे. म्हणून हा दहा टक्क्यांचा फरक आपल्याला परका नाही. तो फरक आधीच्या कुठल्याही उल्लेखांच्या बेरजेत दिसत नव्हता, आणि दिसणे शक्यही नव्हते. तो दिसायला रुग्णांचा पाठपुरावा काही वर्षे करावा लागला.

आणि उल्लेख तर चुकीच्या कामालाही भरभरून मिळतात. कृत्रिम श्वासनलिका बसवणारा सर्जन पाओलो माक्किआरिनी याचे ‘लॅन्सेट’मधले पेपर वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले, त्याच काळात त्याचे रुग्ण दगावत होते. ते पेपर २०१८ आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले, आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. इथे सायटेशनने रुग्णांना वाचवले नाही. उलट, एवढा मोठा माणूस चुकेल कसा, असे वाटायला लावून शंका घेणाऱ्या सहकाऱ्यांचे तोंड बंद करायला त्या कीर्तीचा हातभार लागला.

सायटेशनची मोजणी सुरू करणाऱ्यांचा हेतू असा नव्हता. यूजीन गार्फील्ड यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली ती एका पेपरपासून दुसऱ्या पेपरपर्यंतचा माग काढता यावा म्हणून. त्यांच्या मांडणीत चुकीच्या पेपरवर कोणी टीका केली आहे हे शोधणे हाही उपयोग होता. एच-इंडेक्स आणणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी पंधरा वर्षांनी स्वतःच लिहिले की या मोजमापाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. मोजमाप निर्माण करणाऱ्यांना त्याची मर्यादा कळते. आपल्याकडे ती कळूनही वळत नाही.

दरवर्षी एक यादी येते. स्टॅनफर्डचे जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या पेपर आणि उल्लेख नोंदवणाऱ्या माहितीपेढीवरून ती तयार करतात. लगेच आपल्याकडे बातम्या झळकतात, की अमुक विद्यापीठाचे इतके प्राध्यापक जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत. सत्कार होतात, फलक लागतात. हा स्टॅनफर्डने दिलेला पुरस्कार नाही. ती सायटेशनवरून काढलेली आकडेवारी आहे, आणि तयार करणाऱ्यांनी स्वतःचेच उल्लेख किती याचे आणि अलीकडे मागे घेतलेल्या पेपरांचेही रकाने त्यात दिलेले आहेत. ते रकाने बातमीत येत नाहीत.

आकड्यावर बढती टांगली की काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला पेपरांचे गुण जोडले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. ते निस्तरण्यासाठी चांगल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी करावी लागली, आणि तिचे काम पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात चालले. तिथल्या लोकांनी प्रामाणिकपणे कष्ट घेतले. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. पेपरच्या आकड्याचा बाजार झाला, तर उल्लेखांच्या आकड्याचा होणार नाही असे समजायला काहीच आधार नाही. एकमेकांचे उल्लेख करणारी टोळकी आणि विकत मिळणारी लेखकपदे आता लपून राहिलेली नाहीत.

याउलट एक म्हणणे मला मनापासून पटते आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. तालुक्याच्या गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधली एखादी तरुण संशोधक मुलाखतीला जाते. तिला कोणी वरदहस्त नाही, गाइड मोठा नाही, आडनाव समितीच्या ओळखीचे नाही. तिच्याजवळ दाखवायला एकच गोष्ट असते: माझ्या पेपरचा उल्लेख परदेशातल्या या या प्रयोगशाळांनी केला आहे. तो आकडा काढून घेतला तर समिती पुन्हा वशिल्यावर आणि ओळखीवर जाईल. हे खरे आहे. आपल्याकडे ‘गुणवत्ता पाहून ठरवू’ या वाक्याखाली काय काय चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून आकडा फेकून द्या असे मी म्हणत नाही. त्या मुलीच्या हातात आकडा राहू द्या, पण समितीच्या हातात तिचे तीन-चार पेपर पूर्ण वाचण्याची सक्ती असू द्या, आणि वाचून काय समजले हे लेखी देण्याची. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा २०१३ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा हेच सांगतो: कोणत्या नियतकालिकात छापले यावरून नव्हे, काय छापले यावरून माणूस तोला. वाचून लिहिलेले मत चुकीचे निघाले तर त्यावर बोट ठेवता येते. केवळ आकडा पाहून घेतलेल्या निर्णयाला जाब विचारायला जागाच राहत नाही. वशिल्याला आळा घालतो तो हा लेखी जाब. आकडा तर वशिल्यानेही वाढवता येतो.

शस्त्रक्रियेच्या यंत्रांपुरते बोलायचे तर मला याहून अधिक हवे आहे. कॅलिफोर्निया राज्यात चालकविरहित गाड्यांची चाचणी घेणाऱ्या कंपन्यांवर दरवर्षी सरकारला हे कळवण्याची सक्ती करण्यात आली की माणसाला किती वेळा गाडी ताब्यात घ्यावी लागली. ती पद्धत निर्दोष नाही. ‘ताब्यात घेणे’ म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने लावला आणि कमी आकडा दाखवण्याची चढाओढही झाली. म्हणून ही नोंद यंत्र बनवणाऱ्याच्या हाती ठेवून चालणार नाही. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ असतो, परिचारिका असते, आणि यंत्राच्या प्रत्येक हालचालीची नोंद यंत्रातच होत असते. सर्जनने कधी थांबवले, का थांबवले, किती वेळ हाताने काम केले, हे तिऱ्हाईताने नोंदवणे अवघड नाही.

आजची परिस्थिती पाहता यासाठी वेळ अजून हातात आहे. २०१५ ते २०२३ या काळात अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ४९ शस्त्रक्रिया-रोबोटांचा आढावा घेतला तेव्हा ८६ टक्के यंत्रे स्वायत्ततेच्या पहिल्या पातळीवर, म्हणजे सर्जनला मदत करण्याच्या पातळीवरच होती. आपल्याकडच्या रुग्णालयांत ज्याला रोबोटिक सर्जरी म्हणतात तीही अशीच: यंत्राचा हात हलतो तो सर्जनच्या हाताच्या हुकमाने. गुरुग्राममध्ये बनलेल्या ‘मंत्रा’ यंत्रावर जानेवारी २०२५ मध्ये २८६ किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हाही दुसऱ्या टोकाला सर्जनच बसलेला होता. भारतीयांनी असे यंत्र घडवले याचा मला आनंद आहे. पण जाहिरातीतला ‘रोबोट’ हा शब्द वाचून यंत्रच ऑपरेशन करणार असे समजणारे रुग्ण आजही आहेत, आणि उद्या खरोखर यंत्र करू लागेल तेव्हा त्यांना फरक कोण सांगणार?

सांगण्याचे बंधन कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय पुरेसे समजावल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. २००९ पासून माणसांवरच्या औषधचाचण्यांची देशाच्या चाचणी नोंदणीत आधी नोंद करणे सक्तीचे झाले. स्वायत्त यंत्राच्या माणसावरच्या प्रत्येक चाचणीसाठी त्याच नोंदणीत एक रकाना वाढवायला नवी संस्था लागत नाही: यंत्र किती वेळा थांबवावे लागले आणि रुग्ण वर्षभरानंतर कसा आहे. तो रकाना रिकामा असेल तर निकाल अपूर्ण मानावा, आणि संमतीपत्रावर तोच आकडा रुग्णाच्या भाषेत छापावा. साताऱ्याहून पुण्याला पित्ताशयासाठी आलेल्या बाईला मराठीत वाचता आले पाहिजे की या यंत्राने आधीच्या इतक्या रुग्णांपैकी इतक्यांत काम अर्धे सोडले.

संशोधकांना यात तोटा नाही. अपयश छापले तर नुकसान होते या भीतीने जे संशोधक गप्प राहतात, त्यांना यातून छापायचा हक्क मिळतो. यंत्र नेमके कुठे चुकते याची नोंद पुढच्या प्रयोगशाळेला सगळ्यात उपयोगी असते. पित्ताशयाच्या कुठल्या कोनात नळी ओळखू आली नाही, धूर झाल्यावर कॅमेरा कसा फसला, रक्त साठल्यावर काय झाले. अशा नोंदींना आज नियतकालिकांत जागा नाही, म्हणून त्यांना सायटेशन नाहीत, म्हणून त्या कोणी लिहीत नाही. निधी देणाऱ्यांनी, निदान सार्वजनिक पैसा देणाऱ्यांनी, अपयशांची नोंद हा संशोधनाचा भाग मानून तिला बढतीत गुण द्यावेत.

क्रीगर यांचे काम मी मोठे मानतो ते त्यांच्या पानावरच्या आकड्यामुळे नव्हे. २०१६ मध्ये त्यांनी माणसाची मदत लागलेले ४० टक्के सांगितले, २०२२ मध्ये सुईच्या दुरुस्त्या मोजल्या, २०२५ मध्ये अवयव शरीराबाहेरचे होते हे सारांशातच लिहिले. प्रत्येक वेळी त्यांनी वाचकाला शंका घेण्याचे साधन हाती दिले. जिवंत माणसाच्या पोटात हे यंत्र पहिल्यांदा एकटे शिरेल तेव्हा त्या पेपरच्या पहिल्या पानावर, ७४ पैकी १३ सारखाच, थांबवाव्या लागलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा असला पाहिजे. तो शून्य असेल तर शून्य लिहावे आणि तो कोणी तपासला त्याचे नावही लिहावे. आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्या दिवशी मथळ्यात तोच आकडा छापावा.